पाट्यांवरची नावे

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून मध्य रेल्वेच्या लोकल गाडीत बसलात, की पहिलेच स्थानक लागते ते मस्जिद. फलाटावरची पाटी वाचून तुम्हांला वाटेल, की जवळच एखादी मोठी मशीद असेल आणि तिच्यावरून हे नाव पडले असेल. त्या भागात मशिदी आहेतच. पण या नावाची आणखी एक हकिकत सांगतात. स्थानकापासून थोड्याच अंतरावर सॅम्युएल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर यहुदी लोकांचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. या जुन्या मशिदीवरूनच स्थानकाला नाव मिळाले, असे मुंबईचा इतिहास जाणणारे बरेच जण सांगतात.

यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिराला मशीद कसे म्हणतील, असे तुम्हांला वाटले असेल. ते लोक कोण, ते मुंबईत कधी आले आणि या शहराला त्यांनी काय दिले, याचीच ही गोष्ट आहे.

ज्यांना तुम्ही उर्दूत यहूदी म्हणता, त्यांनाच मराठीत यहुदी किंवा ज्यू म्हणतात. त्यांच्या घरांतील नावे ऐका. मोझेस म्हणजे मूसा, अब्राहम म्हणजे इब्राहीम, डेव्हिड म्हणजे दाऊद, जोसेफ म्हणजे यूसुफ आणि सॉलोमन म्हणजे सुलेमान. त्यांची धार्मिक भाषा हिब्रू. ती उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची वर्णमाला ‘आलेफ’ आणि ‘बेत’ या अक्षरांनी सुरू होते. तुमच्या ‘अलिफ’ आणि ‘बे’ची ती जुनी नातलगच म्हणायची. एकमेकांना भेटले, की ते ‘शालोम’ म्हणतात. ‘सलाम’ आणि ‘शालोम’ हे शब्दही एकाच कुळातले आहेत.

मुंबईतील यहुद्यांचे मुख्यतः दोन गट होते. पहिला गट बेने इस्राएल लोकांचा. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. ‘बनी इस्राईल’ हे नाव तुम्ही ऐकले असेलच. या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगितली जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. अलिबागजवळच्या नवगाव या गावी ते किनाऱ्याला लागले. तेथे त्यांचे स्मारक आहे.

वाचलेल्या लोकांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली होती. ते कोकणातल्या खेड्यांत राहिले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. हळूहळू त्यांची बोली मराठी झाली. त्यांच्या बायका लुगडे नेसू लागल्या. परंतु काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी ते घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते ज्या गावात राहिले, त्या गावावरून त्यांची आडनावे पडली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर आणि चौलचे ते चेऊलकर. आजही नुसते आडनाव ऐकले, तर हे कुटुंब यहुदी आहे, हे चटकन ओळखू येत नाही.

एखादे मंगल कार्य झाले किंवा नवस फेडायचा असला, की बेने इस्राएल घरांत मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे एका ताटात मांडून देवाचे आभार मानतात. त्या वेळी प्रेषित एलियाहू यांची आठवण करतात. तुम्ही ज्यांना हजरत इलियास म्हणता, तेच हे एलियाहू. मलिदा हा शब्द तुमच्याही घरात असेल.

अठराव्या शतकात मुंबईत कामधंदा वाढू लागला. तेव्हा कोकणातून अनेक माणसे मुंबईला आली. त्यांत बेने इस्राएलही होते. त्यांपैकी काही जण इंग्रजांच्या सैन्यात भरती झाले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे असेच एक सैनिक अधिकारी. मराठीत त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तेथून ते सुटले कसे, याची कथा बेने इस्राएल लोक अशी सांगतात. कैद्यांना त्यांची जात विचारण्यात आली. दिवेकरांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. टिपूच्या आईने ते ऐकले. ज्यांचा उल्लेख कुराणात वारंवार येतो, त्या बनी इस्राईलचा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या विनंतीवरून त्यांचे प्राण वाचले.

कैदेत असताना दिवेकरांनी नवस केला होता, की सुखरूप परतलो तर मुंबईत प्रार्थनामंदिर बांधीन. तो त्यांनी १७९६ साली मांडवी भागात पुरा केला. हेच मुंबईचे पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा होतो. बेने इस्राएल मात्र आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. पुढे दुसरे मंदिर झाले, तेव्हा या पहिल्या मंदिराला ‘जुनी मशीद’ आणि दुसऱ्याला ‘नवी मशीद’ असे नाव पडले. सॅम्युएल दिवेकरांचे नाव सॅम्युएल स्ट्रीटच्या पाटीवर राहिले.

दुसरा गट बगदादी यहुद्यांचा. हे लोक इराक आणि आसपासच्या देशांतून व्यापारासाठी आले. त्यांची घरची भाषा अरबी होती. त्यांच्यात सर्वांत प्रसिद्ध झाले ते डेव्हिड ससून. त्यांचा जन्म १७९२ साली बगदाद येथे झाला. तेथील पाशाच्या जुलमामुळे त्यांना शहर सोडावे लागले. इराणमधील बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२ साली ते मुंबईत आले. पुढे त्यांची गणना मुंबईतील सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत होऊ लागली. त्यांना अरबी, फारसी, हिब्रू अशा अनेक भाषा येत होत्या. इंग्रजी मात्र ते कधी शिकले नाहीत. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा त्यांनी कागदावर हिब्रूतच सही केली.

मुलांनो, येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. ससून घराण्याने कापूस आणि सूत यांच्याबरोबर अफूचाही मोठा व्यापार केला. त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता. मुंबईतील इतर धर्मांचे अनेक मोठे व्यापारीही तो करत असत. पण या अफूने चीनमधील असंख्य संसार धुळीला मिळाले. एखाद्या माणसाचे दान मोठे असले, तरी त्याचा पैसा कोठून आला, हेही इतिहासात पाहावे लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या असतात.

त्या पैशातून ससून घराण्याने जे उभारले, ते सर्वांसाठी होते. मुंबईत काळा घोडा भागात १८७० साली बांधलेले डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. परीक्षेच्या दिवसांत तेथे बसून अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. वाट चुकलेल्या मुलांना उद्योग शिकवणारी डेव्हिड ससून औद्योगिक शाळा माहीमला आहे. पुण्याचे ससून रुग्णालय तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या गरीब रोग्यांना ‘ससून’ हे एका माणसाचे आडनाव आहे, हे कदाचित माहीत नसेल. पण आजारी पडले, की त्यांना पहिली आठवण त्याच नावाची होते. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारले. तेथील लाल रंगाच्या सिनेगॉगच्या आवारात त्यांची कबर आहे. पुणेकर त्या सिनेगॉगला ‘लाल देऊळ’ म्हणतात. पाहा, मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! लोकांनी आपापल्या ओळखीचा शब्द उचलला आणि तो तेथे चिकटला.

डेव्हिड ससून यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट अब्दुल्ला. त्यांनी कुलाब्याला समुद्रात भर घालून गोदी बांधली. १८७५ सालची ही ससून गोदी. पूर्वी तेथे कापसाच्या गाठी जहाजांवर चढत. आज पहाटे तेथे मासळीचा मोठा बाजार भरतो. कोळी बायकांच्या आरोळ्यांनी सारी गोदी दुमदुमून जाते. काळा घोडा हे नावही अल्बर्ट यांच्याशी जोडलेले आहे. इंग्लंडच्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा त्यांनी शहराला दिला होता. राजपुत्राला लोक विसरले, पण त्याच्या काळ्या घोड्याचे नाव त्या भागाला कायमचे राहिले. तो पुतळा १९६५ साली तेथून हलवला गेला, तरी नाव हलले नाही.

याच घराण्यात फ्लोरा ससून या एक कर्तबगार बाई होऊन गेल्या. त्यांचा जन्म १८५९ साली मुंबईत झाला. १८९४ साली त्यांचे पती वारले. त्या काळी बायकांनी घराबाहेर पडून पेढी चालवणे ही कल्पनाच लोकांना सहन होत नसे. पण फ्लोराबाईंनी मुंबईच्या पेढीचा कारभार स्वतःच्या हातात घेतला आणि काही वर्षे तो उत्तम चालवला. त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा झाली ती प्लेगच्या साथीत.

१८९६ सालच्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवी भागात प्लेग सुरू झाला. हा तोच भाग, जेथे सॅम्युएल दिवेकरांची जुनी मशीद आहे. गोव्याकडचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. पाहता पाहता माणसे मरू लागली. लोक घरेदारे टाकून शहराबाहेर पळू लागले. अशा वेळी सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांना मुंबईला बोलावले.

हाफकिन जन्माने यहुदी होते. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते आणि पटकीवर लस शोधून ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. त्या अपुऱ्या साधनांनी त्यांनी रात्रंदिवस काम केले. तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःलाच. त्यांना ताप भरला, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी स्वखुशीने तयार झाले, त्यांना लस टोचली. ज्यांनी लस घेतली, त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी दिसले.

तरीही शहरात भीती होती. टोचून घेतले की माणूस मरतो, धर्म बाटतो, अशा अफवा उठत. लोकांची ही भीती घालवायला नुसते डॉक्टर पुरत नाहीत. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे, अशा माणसांनी पुढे यावे लागते. फ्लोरा ससून यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. खोजा मुसलमानांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनीही स्वतः लस घेतली आणि मग आपल्या अनुयायांना घ्यायला सांगितले. इतकेच नव्हे, तर हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली इमारत दिली. यहुदी शास्त्रज्ञाची लस, यहुदी बाईंचे धैर्य आणि मुसलमान धर्मगुरूंचा आधार, असे सारे एकत्र आले, तेव्हा कोठे लोक पुढे येऊ लागले.

पण हाफकिन यांच्या नशिबी दुःखही होते. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ माणसांना धनुर्वात झाला आणि ती दगावली. सारा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केले गेले. वास्तविक चूक त्यांच्या प्रयोगशाळेची नव्हती. लसीची बाटली गावात उघडताना एक चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे सिद्ध व्हायला पाच वर्षे लागली. १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते १९३० साली वारले. त्याआधी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. हीच आजची हाफकिन संस्था.

आता पुन्हा बेने इस्राएलांकडे वळू. त्यांच्याजवळ ससूनांसारखी संपत्ती नव्हती. ते कारकून, शिक्षक, सैनिक, सुतार, परिचारिका अशी कामे करत. आपल्या मुलांना शिक्षण मिळाले पाहिजे, हे त्यांच्यातील जाणत्या माणसांनी ओळखले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या सोबत्यांबरोबर १८७५ साली इस्राएली शाळा सुरू केली. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे हिब्रूचे मोठे पंडित. हिब्रू प्रार्थना लोकांना म्हणता येत, पण त्यांचा अर्थ कळत नसे. राजपूरकरांनी त्या प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. देवाशी बोलायचे ते आपल्या भाषेत, म्हणजे ते मनापर्यंत पोचते, हे त्यांना ठाऊक होते.

ही शिक्षणाची आवड पुढच्या पिढीत फळाला आली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक आला तो रिबेका रूबेन या बेने इस्राएल मुलीचा. त्याआधी कोणतीही मुलगी त्या परीक्षेत पहिली आली नव्हती. पुढे १९२२ पासून १९५० पर्यंत त्या केहिमकरांनी सुरू केलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याच काळात या शाळेला सर एली कदुरी यांचे नाव मिळाले.

डॉ. जेरुशा झिराड यांची गोष्टही अशीच आहे. त्या लहान असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर बाईंनी तिला बरे केले. तेव्हाच लहानग्या जेरुशाने ठरवले, की आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात काम करायचे. त्यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतले. मग सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला जाऊन १९१९ साली एम. डी. ही पदवी घेतली. परत आल्यावर कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. बाळंतपणात स्त्रिया आणि अर्भके का दगावतात, याचा त्यांनी अभ्यास केला. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. लहानपणी केलेला निश्चय माणूस किती दूर नेऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा एक मोठा रस्ता आहे. त्याच्या पाटीवर ‘डॉ. ई. मोझेस मार्ग’ असे लिहिलेले असते. हे डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. १९३७ साली ते मुंबईचे महापौर झाले. ज्यांचे पूर्वज कोकणात घाणा हाकत होते, त्या समाजाचा माणूस या महानगराचा पहिला नागरिक झाला. निवडून देणाऱ्या नगरसेवकांत त्यांच्या धर्माचे लोक असून असून किती असणार? बाकीच्यांनी त्यांचे काम पाहिले, धर्म पाहिला नाही.

तुम्हांला चित्रपट आवडत असतील. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. ज्या नाटकावरून तो काढला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल होते. पारशी नाटक मंडळ्यांसाठी ते नाटके लिहीत. घरात मराठी बोलणाऱ्या, हिब्रूत प्रार्थना करणाऱ्या या माणसाने उर्दूमिश्रित हिंदुस्थानी भाषेतील नाटकांत नाव कमावले.

मूकपटांच्या काळात सुलोचना नावाची नटी फार गाजली. तिचे खरे नाव रूबी मायर्स. बोलपट आले, तेव्हा तिच्यापुढे संकट उभे राहिले. तिला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हते. तिने वर्षभर काम थांबवले, भाषा शिकली आणि पुन्हा पडद्यावर आली. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. दुसरी भाषा शिकताना तुम्हांला कंटाळा आला, तर या सुलोचनाबाईंची आठवण करा. बगदादमध्ये जन्मलेल्या नादिरा यांनी मेहबूब खान यांच्या ‘आन’ या १९५२ सालच्या चित्रपटात काम करून नाव मिळवले. ‘बूट पॉलिश’ या १९५४ सालच्या चित्रपटात अनाथ मुलांवर माया करणारे जॉन चाचा तुम्ही पाहिले असतील. ते काम डेव्हिड यांनी केले होते. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचा तो जुना पत्ता त्यांच्या आडनावात होताच.

देशाच्या संरक्षणातही हा समाज मागे राहिला नाही. व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन हे भारतीय नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख होते. नंतर मुंबईच्या माझगाव गोदीचा कारभार त्यांच्याकडे आला. आणि निस्सिम इझिकेल हे कवी तर साऱ्या भारतात ओळखले जातात. त्यांचा जन्म १९२४ साली मुंबईत झाला आणि २००४ साली ते मुंबईतच वारले. ते इंग्रजीत कविता लिहीत. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत विंचू चावलेल्या आईची हकिकत आहे. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंदिरा संत यांच्या मराठी कविता त्यांनी एका सहकारी लेखिकेबरोबर इंग्रजीत नेल्या. परदेशात राहण्याची संधी असूनही ते मुंबई सोडून गेले नाहीत.

बरेच जण मात्र गेले. १९४८ साली इस्राएल हा देश स्थापन झाला. त्यानंतर भारतातील बहुतेक यहुदी हळूहळू तिकडे गेले. बगदादी यहुद्यांपैकी पुष्कळ जण इंग्लंडला गेले. त्यांना येथे कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत. आपल्या धर्माच्या भूमीची ओढ आणि चांगल्या जीवनाची आशा यांमुळे ते गेले. तेथे गेल्यावरही बेने इस्राएल मराठी विसरले नाहीत. त्यांनी इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. भारतात मागे राहिलेल्यांची संख्या आज काही हजारांवर आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

मग त्यांच्या शाळा, त्यांची प्रार्थनामंदिरे यांचे काय झाले? भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. त्याच्या शेजारी सर जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. माझगावला केहिमकरांची शाळा आहे. एकेकाळी या शाळांत यहुदी मुले शिकत. आज त्यांच्या बाकांवर बहुतेक मुसलमान घरांतील मुले बसतात. आजूबाजूच्या मोहल्ल्यांतून ती येतात. दारावरच्या यहुदी नावाखालून रोज आत जातात आणि शिकून बाहेर पडतात. ज्यांनी शाळा बांधली, त्यांची नातवंडे दूर गेली. पण शाळा रिकामी पडली नाही. दुसऱ्यांची मुले तेथे शिकली. चांगल्या कामाचे असेच असते. ते ज्याच्यासाठी केले, त्याच्यापुरतेच राहत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या समाजाचे लोक मुंबईत फार कधीच नव्हते. तरी गोदी, ग्रंथालय, शाळा, लस, चित्रपट, कविता अशा कितीतरी गोष्टींत त्यांचा वाटा आहे. समाज लहान की मोठा, यावर त्याचे महत्त्व ठरत नाही. त्याने आपल्या शेजाऱ्यांसाठी काय केले, यावर ते ठरते. आता त्या शेजाऱ्यांपैकी थोडेच उरले आहेत. म्हणून त्यांची आठवण ठेवणे हे उरलेल्यांचे, म्हणजे तुमचे आमचे काम आहे.

पुढच्या वेळी एखाद्या रस्त्यावरून जाल, तेव्हा पाटीकडे नुसती नजर टाकून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा. ते नाव नीट वाचा. तो माणूस कोण होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा आपल्या शिक्षकांना विचारा. तुमच्या गावातही अशा पाट्या असतील आणि त्यांच्यामागे अशीच माणसे असतील.

स्वाध्याय

१. बेने इस्राएल लोकांना ‘शनवार तेली’ हे नाव का पडले?
२. सॅम्युएल दिवेकर यांनी कोणता नवस केला होता? तो त्यांनी कसा फेडला?
३. प्लेगच्या लसीबद्दल लोकांच्या मनातील भीती घालवण्यासाठी कोणी काय केले?
४. ‘दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या असतात.’ हे वाक्य कोणत्या संदर्भात आले आहे? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.
५. या पाठातील जे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखे आहेत, त्यांची यादी करा.
६. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या रस्त्याला, शाळेला किंवा रुग्णालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्यांची माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.